बर्कले विद्यापीठाच्या खणांमधली रानबदकं

तळ्याकाठी

परवा शनिवारी बर्कलेला 'कॅल डे' होता. त्या दिवशी विद्यापीठाची दारं सगळ्यांना उघडी असतात. दरवर्षी लेकीला घेऊन जाते, पण आमचा सगळा वेळ व्हॅली लाइफ सायन्सेस इमारतीतल्या टी-रेक्सच्या सांगाड्याखालीच जायचा. यंदा पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिथे पृष्ठवंशीय प्राण्यांचा संग्रह आहे, म्युझियम ऑफ व्हर्टिब्रेट झूलॉजी. नावात म्युझियम असलं तरी तो अभ्यासकांसाठीचा संग्रह आहे. कपाटंच कपाटं. तुमच्या-माझ्यासारख्यांना ती बघायला मिळतात ती याच एका दिवशी. नुसत्या पक्ष्यांचे पावणेदोन लाखांहून जास्त नमुने आहेत.

तिथल्या एका विद्यार्थिनीने बदकांचा खण ओढून टेबलावर ठेवला. तलवार बदकं. ओळीने उताणी निजवलेली, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस, पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. नराची लांब टोकदार शेपटी आणि मानेवर चढत गेलेली पांढरी रेघ मी झोपेतही ओळखेन. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं. डिसेंबरात उजनीच्या फुगवट्यावर याच बदकांचे थवे उतरलेले बघत आम्ही वाढलो. उत्तर आशियातून आपल्याकडे येतात ती आणि अलास्का-कॅनडाकडून कॅलिफोर्नियात उतरतात ती, जात एकच. माहेरचा पक्षी इतक्या लांब असा उताणा पडलेला बघून गलबलून आलं.

लेकीने विचारलेला एक प्रश्न मुद्दाम लिहिते. खणाच्या एका बाजूला तपकिरी, आखूड शेपटीची बदकं होती. ती म्हणाली, "या सगळ्या माद्या ना?" विद्यार्थिनी म्हणाली, "चिठ्ठी वाच." एका चिठ्ठीवर नराची खूण होती आणि महिना होता ऑगस्ट. विणीचा हंगाम सरला की नर बदकं रंगीत पिसं टाकून मादीसारखी साधी पिसं घेतात. पाठोपाठ पंखांतली उडायची पिसंही एकदमच गळतात, आणि तीन-चार आठवडे त्यांना उडताच येत नाही. अशा वेळी गवतात दिसेनासं व्हायला हा तपकिरी रंग कामी येतो. आपल्याकडे भर हिवाळ्यात दिसतात तेव्हा ती पुन्हा नटलेली असतात. त्यामुळे तलवार बदकाचं हे रूप मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते मला एका मेलेल्या पक्ष्याने आणि त्याच्या पायाच्या कागदाने दाखवलं.

संग्रह सुरू झाला 1908 साली, ॲनी अलेक्झांडर या बाईंच्या पैशांतून आणि चिकाटीतून. हवाईतल्या साखर व्यवसायातलं श्रीमंत घराणं, पण बाई स्वतः तंबूत राहून नमुने गोळा करायच्या. पुढे त्यांनी लुईस केलॉग या मैत्रिणीबरोबर सुईसूनच्या दलदलीतल्या ग्रिझली बेटावर शेतीही केली, म्हणजे अगदी बदकांच्या राज्यात. पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल. 1939 मध्ये वारले तोवर ते त्याच पदावर होते. रोजची टिपणं कशी लिहायची, जागा कशी नोंदवायची, शाई कुठली वापरायची, सगळं त्यांनी ठरवून दिलं होतं. 1910 मध्ये त्यांनी लिहून ठेवलंय की या संग्रहाचं खरं मोल कळायला बरीच वर्षं जातील, कदाचित शतकही, आणि तेव्हाच्या विद्यार्थ्याला आजच्या प्राणिजीवनाची मूळ नोंद इथे सापडेल.

इथे कोणी अशा संग्रहात काम केलंय का? आणि आपल्याकडच्या कॉलेजांमधल्या संग्रहांचं काय झालं, हे कोणाला ठाऊक आहे का? आमच्या कॉलेजात जिन्याखाली एका कपाटात पक्षी होते एवढं आठवतं.

शेवंता_77

फार छान लिहिलंय. ऑगस्टमधल्या नराची गोष्ट मुलांना वाचून दाखवली. एक शंका आहे. पेंढा भरलेले पक्षी म्हणतात ते हेच का? आमच्या गावच्या वाड्यात भिंतीवर एक बगळा होता, काचेचे डोळे लावलेला.

दाणापाणी

शेवंता, दोन्ही वेगळं. वाड्यातला बगळा दिसायला जिवंत वाटावा म्हणून तारेवर उभा केलेला असतो. संग्रहातला पक्षी मोजायला, तुलना करायला आणि खणात कमी जागेत मावायला केलेला असतो. आम्ही त्याला नुसतं 'स्किन' म्हणायचो. मी एमएसच्या काळात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संग्रहात दोन वर्षं हे काम केलंय, आणि बदकं माझ्याच वाट्याला यायची, कारण बाकीची मुलं ती टाळायची.

बदक अवघड का, ते सांगतो. पहिलं म्हणजे चरबी. चिमणीएवढा पक्षी तासाभरात होतो, बदकाला अख्खा दिवस जातो. कातड्याला आतून पिवळ्या चरबीचा थर चिकटलेला असतो. तो कणाकणाने खरवडून काढावा लागतो, आणि सुरी जरा जोरात लागली की पिसांच्या मुळांशी कातडं फाटतं. आम्ही सारखं मक्याचं जाडसर पीठ टाकत राहायचो, ते तेल आणि रक्त शोषून घेतं. घाईघाईत चरबी ठेवली तर ती वर्षानुवर्षं हळूहळू पाझरत राहते, हवेने आंबट होते आणि कातडं जळाल्यासारखं ठिसूळ करते. जुन्या संग्रहांत पोटाकडची पिसं पिवळी-तेलकट झालेली बदकं दिसतात, ती यामुळे.

दुसरं म्हणजे डोकं. बहुतेक पक्ष्यांचं कातडं पोटावरच्या चिरेतून मोज्यासारखं उलटं करत चोचीपर्यंत नेता येतं. बदकाची मान बारीक आणि डोकं मोठं, त्यामुळे ते मानेतून निघतच नाही. मग डोक्याच्या मागे वेगळी चीर द्यायची, तिथून कवटी साफ करायची आणि नंतर इतक्या बारीक टाक्यांनी शिवायची की पिसं बसवल्यावर शिवण दिसू नये. पहिल्या बदकाची माझी शिवण दिसत होती. ते अजून तिथे आहे आणि चिठ्ठीवर माझं नाव आहे.

मग भांडी घासायच्या साबणाने धुवायचं, वाऱ्याने वाळवायचं, पीस न् पीस फुलवायचं, आत काडी आणि कापूस घालायचा, आणि पिना टोचून आकारात वाळत ठेवायचं. या सगळ्याच्या आधी मात्र वजन घ्यायचं आणि चोच, पाय, बुबुळ यांचे रंग लिहून काढायचे, कारण ते रंग मेल्यावर उडून जातात. चोच वाळली की कुठलंही बदक करड्या चोचीचंच होतं. हिरव्या-निळ्या पंखपट्टीचा रंग मात्र पिसाच्या रचनेतून येतो, म्हणून शंभर वर्षांनीही ती तशीच चमकते.

आतला भागही वाया जात नाही. नर बदकाच्या श्वासनळीच्या तळाशी, डाव्या बाजूला हाडाचा एक फुगा असतो. मादीला तो नसतो. बहुतेक जातींत त्याचा आकार वेगळा, म्हणून जातींची नाती ठरवताना तो फार उपयोगाचा. तलवार बदकाचा नर शीळ घालतो आणि मादी 'क्वॅक' करते, ते ऐकताना मला नेहमी तो फुगा आठवतो. सांगाडा हवा असेल तर मांस काढायचं काम डर्मेस्टिड किडे करतात. बदकाची हाडं ते काही दिवसांत स्वच्छ करून देतात, आणि बारीकातलं बारीक हाड जागच्या जागी राहतं. किडे वापरायची ही पद्धत नीट लिहून 1933 मध्ये छापली ती बर्कलेच्याच लोकांनी, हॉल आणि रसेल यांनी.

निरंजन_पु

लेख आणि वरचा प्रतिसाद दोन्ही मन लावून वाचले. तरीही मला हे पटत नाही, आणि ते स्पष्ट लिहितो. आज कॅमेरे आहेत, आवाज टिपायची यंत्रं आहेत, पायात कडी घालून पक्षी सोडून देता येतो. मग मारायचा कशाला? शास्त्राचं नाव दिलं म्हणून गोळी कमी लागत नाही. भरतपूरला 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. तो आकडा तिथल्या दगडावर कोरलेला मी वाचला आहे. तिथून हलताना माझी मान खाली होती. खणात ओळीने मांडलेली बदकं बघून मला तोच दगड आठवतो.

तळ्याकाठी

निरंजन, तुमची तळमळ मला समजते. खण बघताना माझ्याही पोटात तुटलंच. पण त्या दगडावर फक्त एक आकडा आहे. कुठली जात, किती नर, किती पिल्लं, पोटात काय होतं, यातलं काहीच त्या दगडावर नाही. माझ्या मनात फरक पडला तो तिथे.

कॅलिकर

मी सॅक्रमेंटोजवळ राहतो, हिवाळ्यात दर रविवारी पाणथळीवर असतो. इथली परिस्थिती सांगतो, म्हणजे तुलना नीट होईल.

अमेरिकेत दर वर्षी शिकारी परवान्याने जी बदकं मारतात त्यांची संख्या कोटीच्या घरात आहे. संग्रहांसाठी घेतले जाणारे पक्षी त्यापुढे मूठभर. त्यातही आता बरेचसे मेलेलेच मिळालेले असतात: गाडीखाली आलेले, तारेला धडकलेले, रोगाने गेलेले. काही शिकारी पंख किंवा अख्खं बदक संग्रहाला देतात. सरकारचा वन्यजीव विभागही दरवर्षी निवडक शिकाऱ्यांकडून प्रत्येक बदकाचा एक पंख टपालाने मागवतो. मग तज्ज्ञ एकत्र बसून ढिगातल्या एकेका पंखावरून जात, नर-मादी आणि यंदाचं पिल्लू की मोठं, हे ठरवतात. विणीचा हंगाम कसा गेला हे त्यातून कळतं आणि पुढच्या वर्षीचे शिकारीचे नियम ठरवताना ते धरलं जातं.

1934 पासून इथे बदकांच्या शिकारीसाठी 'डक स्टॅम्प' घ्यावा लागतो. सुरुवातीला तो 1 डॉलरचा होता, आता 25 चा आहे. त्या पैशातला जवळपास सगळा, 98 टक्के, पाणथळ जागा विकत घेण्यात आणि राखण्यात जातो. मी शिकार करत नाही, पण स्टॅम्प दरवर्षी घेतो.

आणि पाणथळींची गरज इथे किती आहे, ते सेंट्रल व्हॅलीत फिरलं की कळतं. एके काळी हिवाळ्यात पाण्याने भरणारं हे अफाट खोरं. आज मूळच्या पाणथळीतला फार तर 5 ते 10 टक्के भाग उरलाय, बाकी बदाम, टोमॅटो आणि भात. त्यातच केस्टरसनचं प्रकरण झालं. सॅन वाकीन खोऱ्याच्या पश्चिमेकडच्या शेतांतून निचरा होणारं पाणी केस्टरसनच्या तळ्यांत सोडत होते. त्या जमिनीत सेलेनियम जास्त, आणि ते प्रमाणाबाहेर गेलं की विषारी. 1983 मध्ये तिथल्या घरट्यांत डोळे नसलेली, वाकड्या चोचींची, अर्धवट पायांची पिल्लं आणि गर्भ सापडले. त्यात बदकंही होती. पुढे ती तळी बंद करावी लागली. असं काही घडलं की पहिला प्रश्न येतो, की आधी इथे काय होतं? ते सांगायला जुनी अंडी, जुनी पिसं, जुनी हाडं लागतात. फोटोतून सेलेनियम मोजता येत नाही.

जनुकवाला

कॅलिकरांचं शेवटचं वाक्य उचलून पुढे नेतो, कारण माझं कामच ते आहे.

जुन्या नमुन्याच्या पायाच्या तळव्याला छोटी गादी असते. तिथला तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेतला तरी डीएनए मिळतो. ग्रिनेल पक्षी गोळा करत होते तेव्हा डीएनएची रचना कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांनी या कामासाठी ते जपलेच नव्हते, आणि तरी ते कामाला आले.

बदकांचंच उदाहरण देतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅलार्ड आणि काळं बदक अशा दोन जवळच्या जाती. शिकारीसाठी म्हणून लोकांनी विसाव्या शतकात पाळीव मॅलार्ड लाखांनी सोडले. त्यांचा वंश युरोपकडचा. सगळ्यांना भीती अशी की काळं बदक संकरात विरघळून जाणार. टेक्सस विद्यापीठाच्या एल पासो शाखेतल्या फिलिप लाव्हरेट्स्की यांच्या गटाने शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या संग्रहांतल्या बदकांचा डीएनए काढून आजच्याशी ताडून पाहिला. आजच्या पूर्वेकडच्या जंगली मॅलार्डमध्ये त्या पाळीव पक्ष्यांचा वंश खूप पसरलेला निघाला. काळं बदक मात्र बऱ्याच अंशी जुन्यासारखंच टिकून आहे. जुनी बदकं खणात नसती तर 'मूळचं' म्हणजे काय हे सांगायला कोणी साक्षीदारच नव्हता.

दुसरं उदाहरण 1918 च्या फ्लूचं. त्या साथीने आपल्याकडे घरंच्या घरं रिकामी केली, मुंबईतही हाहाकार होता. रानबदकं आणि हंस हे फ्लूच्या विषाणूंचं नैसर्गिक घर. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात 1917 मध्ये धरलेला एक ब्रांट हंस अल्कोहोलमध्ये ठेवलेला होता. त्यातून विषाणूचे तुकडे मिळाले, ते 2002 मध्ये छापून आले. पक्ष्यांमधला तो विषाणू आजच्या पक्ष्यांमधल्याशी जवळपास जुळत होता, 1918 च्या माणसांमधल्याशी तितका नाही. म्हणजे साथीच्या विषाणूचा तो भाग थेट पक्ष्यांकडून आला नसावा, एवढं तरी त्यावरून म्हणता आलं. एका बरणीतल्या एका हंसामुळे.

निरंजन, मारण्याचा प्रश्न आमच्यातही मिटलेला नाही. 2014 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात यावर जाहीर वाद झाला. दुर्मिळ जातींच्या बाबतीत फोटो, आवाज आणि पिसाचा तुकडा यांवर भागवा, असं एका बाजूने म्हटलं. दुसऱ्या बाजूने शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी नमुन्यांची गरज मांडली. अगदी मोजकी संख्या उरलेल्या जातीला हात लावू नये असंच मला वाटतं. पण तलवार बदक किंवा थापट्या यांच्या बाबतीत मेलेला पक्षी फेकून देणं मला जास्त लागतं.

निरंजन_पु

मेलेले पक्षी जपावेत याला माझा विरोध कधीच नव्हता. त्याबाबत तुमच्याबरोबर आहे. जिवंत पक्ष्याच्या बाबतीत माझं मत तेच.

रानवाटा

आपल्याकडच्या संग्रहाचं नाव निघालं की मला 1908 आठवतं. बर्कलेचा संग्रह सुरू झाला त्याच वर्षी मुंबईत एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग बघून ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथे मिलार्ड साहेबांनी एकेक खण उघडून त्याला भारतातले पक्षी दाखवले. ते सालीम अली. पुढे पक्षिशास्त्र नीट शिकायला ते बर्लिनला गेले, तेही विद्यापीठाच्याच प्राणिसंग्रहालयात, एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे. खण उघडून दाखवणारं कोणी भेटलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तळ्याकाठी ताई, तुमच्या लेकीला त्या विद्यार्थिनीने 'चिठ्ठी वाच' म्हटलं ना, ते मला तसंच वाटलं.

मुंबईच्या संग्रहाची यादी हुमायून अब्दुलालींनी 1968 पासून सोसायटीच्या नियतकालिकात छापायला घेतली आणि जवळजवळ तीन दशकं ते काम चालू ठेवलं. प्रत्येक पक्षी मोजून, चिठ्ठी वाचून. एवढा धीर मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही.

बदकांबद्दल बोलायचं तर गुलाबी डोक्याच्या बदकाला विसरून चालणार नाही. गंगेच्या उत्तरेकडच्या गवताळ पाणथळींतलं आपलं बदक. सगळ्यांनी मान्य केलेली शेवटची रानटी नोंद 1935 ची, बिहारातल्या दरभंग्याकडची. जगभरच्या संग्रहांत मिळून त्याची सुमारे 80 कातडी उरली आहेत. 2016 मध्ये स्मिथसोनियनच्या अभ्यासकांनी पिसाला धक्का न लावता लेझरच्या उजेडाने तपासलं आणि ती गुलाबी झाक कॅरोटिनॉइड रंगद्रव्याची असल्याचं दाखवलं. ते रंगद्रव्य खाण्यातून येतं, फ्लेमिंगोसारखं. बदकांमध्ये असं क्वचितच दिसतं. जो पक्षी आपल्यातल्या कोणीही पाहिला नाही, त्याच्या ताटात काय होतं याचा अंदाज पिसावरून आला.

शेवंता_77

वाचून अंगावर काटा आला. म्हणजे ते आता कुठेच नाही?

रानवाटा

म्यानमारमध्ये अजून शोधमोहिमा निघतात. हाती काही लागलेलं नाही.

भीमाकाठ

मूळ धाग्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकतो, कारण मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. नाव लिहीत नाही. नुकसान काय झालं ते महत्त्वाचं.

आमच्या विभागात पन्नास-साठच्या दशकांत गोळा केलेले पक्षी होते. आधीच्या पिढीतल्या सरांनी विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठी जाऊन केलेले. चक्रवाक, थापट्या, तलवार, अडई, हळदी-कुंकू, काणूक. मी रुजू झालो तेव्हा शंभरएक असतील. दर पावसाळ्यात दोन-चार बुरशीने जायचे. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, कसर आत शिरायची. नवी इमारत झाली तेव्हा सामान हलवताना कोणीतरी पक्षी धुऊन पुसून 'स्वच्छ' केले, आणि मळक्या चिठ्ठ्या काढून टाकून प्रत्येकाला छापील नाव चिकटवलं. मराठी नाव, लॅटिन नाव, खाली कॉलेजचं नाव. तारीख नाही, गाव नाही. मी तेव्हा रजेवर होतो. परत आलो तेव्हा चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या होत्या. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही.

गेल्या दहा-बारा वर्षांत प्राण्यांचं विच्छेदन बंद झालं, ते योग्यच झालं. पण त्याबरोबर विभागात हाताळायला काहीच नको अशी समजूत झाली. आमच्याकडचे बरेचसे पक्षी पुढे 'घाण' म्हणून पुरले. जे उरले ते अजून एका कपाटात आहेत, असं मागच्या वर्षी शिपायाने सांगितलं. ताई, तुमचा धागा वाचून मी उद्या तिकडे जाणार आहे.

दाणापाणी

सर, जरूर जा, पण एक कळकळीची विनंती. त्या काळातल्या कातड्यांना आतून आर्सेनिकचा साबण लावलेला असणार. हातमोजे आणि मास्क घाला, पिसं झटकू नका, जवळ चहापाणी नको. मुलांना हात लावू देऊ नका. नंतर हात साबणाने धुवा. आम्ही आता बोरॅक्स वापरतो किंवा काहीच नाही, पण जुन्या पक्ष्यांमधलं आर्सेनिक तसंच राहतं.

आणि पक्षी पडल्या जागी आधी फोटो काढा. चिठ्ठी गेली असली तरी पायात दोरा असतो, कधी पत्र्याचा बिल्ला असतो, कधी पोटाखाली शाईने आकडा असतो. तो आकडा म्हणजे कुठल्या तरी वहीतली ओळ असते.

कॅलिकर

सर, नव्याने मेलेला पक्षी मिळाला तर तो परस्पर ठेवू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याने मेलेला वन्यप्राणीही सरकारी मालमत्ता आहे, वनखात्याला कळवावं लागतं. हे इथल्या तरुण वाचकांसाठीही लिहितो. नोव्हेंबर 2019 मध्ये राजस्थानात सांभर तळ्यावर बोटुलिझमने (जिवाणूंच्या विषाने होणारा रोग) 18,000 हून अधिक पक्षी मेले, त्यात थापट्यांसारखी पाहुणी बदकंही होती. अशा वेळी वनखातं, पशुवैद्यक आणि विद्यापीठ यांनी मिळून थोडे तरी पक्षी नोंदींसह जपायची पद्धत प्रत्येक राज्यात बसायला हवी. खड्डा खणून पुरणं रोगामुळे भागच असतं, पण एकेक पंख तरी.

तळ्याकाठी

सर, तुम्ही जाऊन आलात की नक्की लिहा. लेक रोज विचारतेय.

भीमाकाठ

काल जाऊन आलो. चार तास होतो. उशिरा लिहितोय, कारण रात्री वह्या वाचत बसलो.

23 पक्षी उरले आहेत. त्यात बदकं 6. चक्रवाक पूर्ण गेलेलं, हात लावला की पिसं गळतात. दोन अडई बऱ्या आहेत. एक हळदी-कुंकू, त्याची चोच पार करडी झालीय, टोकाचं पिवळं कुठेच नाही. एक तलवार, मादी. आणि एक थापट्या, नर, डोक्याचा हिरवा रंग खिडकीच्या उजेडात धरल्यावर लखलखला. माझ्याबरोबरची नवी प्राध्यापिका "अरे वा" म्हणाली आणि मग बराच वेळ गप्प बसली.

दाणापाणी, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. थापट्याच्या डाव्या पायात छापील नावाच्या खाली जुना दोरा होता, आणि त्याला चौकोनी पत्रा. त्यावर खिळ्याने ठोकून आकडा काढलेला: 41. तलवारीच्या पायात 38. बाकीच्यांना काही नाही.

मग वही शोधायला लागलो. विभागाच्या जुन्या हजेरीपटांखाली, काचेच्या नळ्यांच्या खोक्यात मिळाली. पुठ्ठा गेलाय, वाळवीने एक कोपरा खाल्लाय, पण अक्षर टाकाचं, निळं-काळं, स्वच्छ. आमच्या सरांचं अक्षर मी लगेच ओळखलं. पानांचे फोटो काढले आहेत, प्राध्यापिका बाई आजपासून ते टंकायला घेणार आहेत. दोघं मिळून 112 नोंदी मोजल्या. पक्षी 23 असले तरी नोंदी 112 आहेत, त्यामुळे जे पुरले त्यांचीही तारीख आणि गाव आता सापडेल.

ताई, तुमच्या लेकीसाठी 41 क्रमांकाची ओळ जशीच्या तशी उतरवतो. सरांनी मराठीतच लिहिली आहे:

"41. थापट्या. नर. 12 जानेवारी 1964. डिकसळजवळ भीमेच्या डोहात. एकूण सुमारे 30 होते. चोच काळी, पाय नारिंगी, डोळा पिवळा. पोटात बारीक शिंपले व बी. थंडी फार."

1964 मध्ये उजनीचं धरण नव्हतं, ते पुरं झालं 1980 मध्ये. तो डोह आता खोल पाण्याखाली आहे.

तळ्याकाठी

सर, लेकीला वाचून दाखवलं. तिने वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, 38 क्रमांकाच्या तलवारीचं काय लिहिलंय?

भीमाकाठ

38 चं पान वाळवी लागलेल्या कोपऱ्यातलं आहे. "तलवार. मादी. डिसेंबर 1963" एवढं दिसतं, गावाच्या नावातलं पहिलं अक्षर 'प' आहे. पळसदेव असावं असं मला वाटतं. उद्या भिंग घेऊन पुन्हा बसतो.